मापात बसवलेलं जाकीट

भूगोलाच्या मास्तरांनी पोट आत ओढलं, जाकिटाची चेन धरली आणि देवाचं नाव घेऊन वर खेचली. चेन बेंबीपर्यंत आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. ध्रुवावरच्या स्की-मोहिमेसाठी घेतलेलं, सगळ्यांत वरून घालायचं हे वारा अडवणारं जाकीट. दुकानात ते इतकं ढगळ होतं की आत आणखी एक मास्तर मावला असता. तासाभरात मोहिमेच्या प्रमुख बाई सामान तपासायला येणार होत्या. त्यात नापास झालं की मास्तरांची जागा राखीव गड्याला. आणि शाळेतल्या मुलांनी तर नकाशावर त्यांच्या नावाचा झेंडा टोचूनसुद्धा टाकला होता.

"आई! हे जाकीट आटलं कसं?"

आई चष्मा कपाळावर चढवून आली. चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवलेली बाई. "आटेल कशाला? मी आत घेतलं. जगाच्या टोकाला जायचं आणि तेही असं गबाळ्यासारखं?"

"अगं, ते मुद्दाम ढगळ असतं! आत तीन थर घालायचे असतात!"

"मग माप घेताना सांगायचं नाही का?"

"तू माप घेतलंस कधी?"

"तू दुपारी झोपला होतास तेव्हा."

मास्तरांची नजर कोपऱ्याकडे गेली. "झोपायच्या पिशवीला तरी हात नाही ना लावलास?"

"पायाकडे हातभर जास्तच होती. दुमडून टाके घातले."

ती हातभर जागा बुटांचं अस्तर आणि पाण्याची बाटली गोठू नये म्हणून होती. "उसव, आधी उसव!" मास्तर ओरडले आणि तेवढ्यात बेल वाजली. बाई पाऊण तास आधीच हजर.

घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच मास्तरांना सुचलं. त्यांनी मधला जाड स्वेटर काढून पिशवीच्या तळाशी कोंबला आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"सगळे थर घातलेत?" बाईंनी आल्या आल्या विचारलं.

"हो... म्हणजे, हो."

"छान. आता जाड हातमोजे घाला आणि पिशवीत शिरा. अस्तर, बाटली, सगळं घेऊन."

मास्तर शिरले. गुडघे हनुवटीला टेकले.

"पाय सरळ करा."

मास्तरांनी डोळे मिटून पाय ताणले. टर्र टर्र आवाज झाला आणि पिशवी एकदम हातभर लांब झाली.

"कच्चेच टाके होते," आई दारातून हळूच म्हणाली.

"आता बाटली काढून द्या," बाई म्हणाल्या. जाड हातमोज्यांत काही कळेना. मास्तरांनी चाचपडत हाताला लागलं ते बाहेर दिलं. तो स्वेटर होता.

"हा तर मधला थर. मग अंगात काय आहे?"

मास्तरांचं फक्त डोकं बाहेर होतं. तेही आत घ्यावं असं त्यांना वाटलं. "जाकीट बसत नव्हतं, म्हणून लपवला," ते पुटपुटले.

"चूक माझी आहे हो," आई पुढे आली. "जाकीट मी आत घेतलं. हा जाणार म्हटल्यापासून जिवाला घोर लागलाय. हाताला काहीतरी काम हवं होतं."

बाईंनी जाकीट मागून घेतलं आणि उलटं केलं. "कापड कापलंय?"

"कापेन कशी? शिवणीतली माया सगळी आत आहे. माणूस अंगानं भरतो, मग पंचाईत होते."

आईने तिथेच बसून दहा मिनिटांत शिवण उसवली. मास्तरांनी तिन्ही थर घातले, वर जाकीट चढवलं.

"आता हातमोजे न काढता चेन लावा."

चेन सर्रकन वर गेली. बाईंनी वाकून पाहिलं. प्रत्येक चेनच्या टोकाला जुन्या पायजम्याच्या नाडीचा फास होता. मास्तरांनी लाजेने मान खाली घातली.

"हातमोजे घालून चेन लागत नव्हती याला," आई म्हणाली. "रोज बघत होते मी."

 बाईंनी डावा हात पुढे केला. करंगळीचं टोक नव्हतं. "मागच्या खेपेला चेन लावायला म्हणून मिनिटभर हातमोजा काढला होता." त्या मास्तरांकडे वळल्या. "पास. पण पुन्हा काही लपवलंत तर अर्ध्या वाटेतून परत पाठवीन."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी स्वतःचं जाकीट काढून आईसमोर धरलं. "मलाही असे फास लावून द्याल?"

"देते की." आईने जाकीट उलटंसुलटं केलं. गळ्यातली टेप हळूच हातात आली. "पण बाई, कमरेत जरा जास्तच ढगळ..."

"नको!" बाई आणि मास्तर एकदमच ओरडले.