टेबलाचा पाव फेरा

मुलीच्या घरी पहिल्यांदाच जेवायला आलेल्या गणिताच्या प्राध्यापकाने टेबलावर कोपर टेकलं आणि टेबल डुगडुगलं. सूप बशीत सांडलं. मुलीचे बाबा ओशाळून उठले आणि पायाखाली घालायला कागदाची घडी शोधू लागले. टेबल घेतल्यापासून बिचारे हेच करत आले होते.

प्राध्यापकाला आज फक्त होकार हवा होता. मुलीने बजावून ठेवलं होतं, की बाबा मऊ आहेत, पण आत्यापुढे त्यांचं काही चालत नाही. आधीच्या दोन मुलांना आत्याने जेवण संपायच्या आत वाटेला लावलं होतं. तेव्हा गुमान जेवायचं आणि गणिताचं नाव काढायचं नाही. त्याने कबूलही केलं होतं. पण टेबल चौकोनी निघालं आणि त्याला राहवेना.

"काका, कागद कशाला? नुसतं फिरवू या की."

आत्याच्या भुवया चढल्या. दातांच्या डॉक्टरचं एक फार चांगलं स्थळ आहे, फोटो आणते, असं भावाला नीट ऐकू जाईल इतपत पुटपुटत ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मुलीने टेबलाखालून प्राध्यापकाला लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला बसली, आणखी सूप सांडलं आणि बाबांना मुद्दा पटला.

प्राध्यापक खुलला. चारही पाय सारखे आहेत, जमीन तेवढी खालीवर आहे, असं त्याने समजावलं. आत्ता हा पाय अधांतरी आहे. पाव फेरा फिरवला की याच्या जागी शेजारचा येईल आणि अधांतरी राहायची पाळी त्याची. ही पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधे कुठेतरी चारही पाय टेकणारच.

"आणि नाही टेकले तर?"

"गणितात टेकतात, काका."

ताटं उचलायलाही बाबांना धीर नव्हता. तिघं टेबलाला धरून खेकड्यासारखे आडवे सरकू लागले. एक खुर्ची आडवी झाली, पडदा कोपऱ्यात अडकून खाली आला, सूप मुलीच्या नव्या कपड्यांवर गेलं. आणि मग टेबल एकदम शांत झालं. बाबांनी काठोकाठ भरलेला पेला मधोमध ठेवला, टेबलावर थाप मारली. थेंबही सांडला नाही. त्यांना भरून आलं.

तेवढ्यात आतून धक्के बसू लागले. खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं आणि टेबलाचा कोपरा त्याला बरोबर टेकला होता.

"अरे, दार का उघडत नाही?" आत्या ओरडली.

"आणखी थोडं फिरवलं तर?" बाबांनी हळूच विचारलं.

"पुन्हा डुगडुगेल. आणि पुढच्या पाव फेऱ्याला स्थिर झालं, तरी दुसरा कोपरा इथेच येणार."

"मग खुणा करून उचललं आणि नंतर तसंच परत ठेवलं तर?"

याचं उत्तर शाळेतल्या पोरानेही दिलं असतं. प्राध्यापकाने मुलीकडे पाहिलं. सुपाने भिजलेल्या मुलीने अगदी बारीक, नकारार्थी मान हलवली.

"ते अजून सिद्ध झालेलं नाही, काका," आयुष्यात पहिल्यांदाच तो गणिताच्या नावाने खोटं बोलला.

"मग जोखीम नको," म्हणत बाबा समाधानाने खुर्चीत बसले आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "ताई, तू जरा पड. आम्ही तेवढ्यात तारीख ठरवतो."