गोजाबाईचे केस

गोजाबाईचे केस फुकट गेले, हे सोमवारी सकाळी अँजिओग्राफीच्या दारात कळलं. तिच्या मेंदूत गाठ होती. ऑपरेशनआधी गाठीजवळच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायचा होता. फोटो डोक्याचा, म्हणजे केस आडवे येणार, असं तिच्या नवऱ्यानं, बिरुदेवानं, स्वतःच ठरवलं. सगळा जन्म मेंढरं कातरण्यात गेलेला. करमाळ्याहून निघतानाच त्यानं बायकोचं डोकं मेंढराच्या कातरीनं भादरलं होतं.

"मामा, केस कुणी काढायला सांगितले?" सिस्टरनी विचारलं. "नळी जांघेतून घालतात."

"आन् डोस्क्यात कशी जाती?"

"रक्तवाहिनीच्या आतून, वर."

गोजाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला. "मला न्हाय काडायचा फोटू. घरला न्या."

"अगं, यील की परत. चार म्हयन्यांत दाट हुतंय."

"मी मेंढरू हाय व्हय?"

ती वॉर्डात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. सिस्टर बिरुदेवाला म्हणाल्या, "तासाभरात झालं नाही तर आजचा नंबर गेला. पुढचा दहा दिवसांनी. गाठ काही थांबत नाही, मामा."

शेजारच्या खाटेवर महेश्वरी होती, सोलापुरातल्या विणकर घरातली. तिनं गोजाबाईकडं पाहून हात जोडले.

"तिरुपतीला जाऊन आलात का, अक्का? केस देऊन आलात. भाग्य लागतं."

गोजाबाईनं मान वळवली. थोडा विचार केला. "व्हय," म्हणाली, आणि पदर खाली आला.

"मग लाडू?"

"हेंच्याकडं हाय की."

बिरुदेव जिना उतरून समोरच्या दुकानात पळाला. त्यानं आणलेले बुंदीचे लाडू वॉर्डानं डोळ्यांना लावून खाल्ले. सिस्टरनीही अर्धा घेतला. दोन म्हाताऱ्या गोजाबाईच्या पाया पडून गेल्या. तिला तेवढा लाडू मिळाला नाही, पोट रिकामं ठेवायचं होतं. पण ती स्वतःहून ट्रॉलीवर चढली, उघड्या डोक्यानं.

"चला, काडा फोटू."

दार बंद झालं. बिरुदेव परत येऊन महेश्वरीपुढं अवघडून उभा राहिला.

"ताई, लाडू ते…"

"समोरच्या दुकानातले. माहितेय, अण्णा."

"खाल्ल्यावर कळलं व्हय?"

"आधीच. तिरुपतीला वस्तऱ्यानं गुळगुळीत करतात. अक्कांच्या डोक्यावर कातरीच्या पायऱ्या आहेत."

बिरुदेवानं उरलेला लाडू तिच्या हातावर ठेवला.

दुपारी फोटो आला. मोठी रक्तवाहिनी गाठीपासून बाजूला होती. डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवार दिला. गाठ अजून काढायची होती.