शालिकभाऊंचा विरोध

शालिकभाऊंनी आमच्या शाळा समितीत शोकप्रस्तावालाही विरोध केला होता. "मानूस चांगला होता, पण उभं काहून राहाचं? माह्ये गुडघे दुखते. विरोध नोंदवा!"

बेसा भागातल्या आमच्या शाळेला लागूनच त्यांचं घर, मधे एक भिंत. खापरखेड्याच्या वीज केंद्रात यंत्रांच्या घरघरीत सगळी नोकरी झाल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडल्यासारखं. "तुमच्या पोट्ट्यांनी कान खाल्ले माह्ये," ही तक्रार घेऊन ते इतक्यांदा यायचे की वैतागून आम्ही त्यांना समितीतच घेतलं. तक्रारी थांबल्या नाहीत. आता ते त्या आमचा चहा पिऊन करायला लागले.

ठराव एकमतानंच करायचा, हा आमच्या समितीचा जुना रिवाज. त्यामुळे सगळंच अडायला लागलं. शेवटी अध्यक्षांनी युक्ती काढली. ते उलटा ठराव मांडू लागले. भिंती रंगवायच्या असल्या की म्हणायचे, "यंदा भिंती रंगवू नयेत." शालिकभाऊ गरजायचे, "विरोध नोंदवा!" मग त्यांच्या मताचा मान राखून भिंती रंगायच्या. अशीच संडासांना नवी दारं लागली. शालिकभाऊ जिंकल्यासारखे घरी जायचे आणि आम्ही हसू दाबून चपला शोधायचो.

यंदा पहिलीच्या बाई निवृत्त झाल्या. पट रोडावलेला, नव्या बाईंचा पगार संस्थेला जड. पहिली बंद करून मुलं मनीषनगरच्या शाळेत पाठवावीत, असं अध्यक्षांच्या मनात होतं. कुणकुण लागताच, एवढीशी पोरं मधला वाहता रस्ता ओलांडणार कशी, म्हणून पालक हवालदिल झाले. मला तर फार राग आला होता, पण तिथंच नोकरी करणारा मास्तर तोंड उघडून उघडणार किती?

वाईटपणा आपल्याकडे नको म्हणून अध्यक्षांनी नेहमीचा डाव टाकला. "पहिली चालू ठेवावी, नव्या बाई नेमाव्यात," असा ठराव मांडला, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि सगळे शालिकभाऊंकडे बघत बसले.

शालिकभाऊंनी बशीतला चहा संपवला. मिशा पुसल्या.

"मंजूर."

अध्यक्षांना ठसकाच लागला. "भाऊ, नीट ऐकलं ना?"

"आयकलं. एकमतानं मंजूर. लिहा मास्तर."

मी कोणी काही बोलायच्या आत लिहून मोकळा झालो.

पुढचा विषय दिवाळीच्या सुट्टीचा. "विरोध नोंदवा! इतकी सुट्टी काहून पाह्यजे पोट्ट्याइले?" सगळे हसले. भाऊ पूर्वपदावर आले, असं मलाही वाटलं.

सुट्टीत मी फराळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. वहिनी गेल्यापासून ते एकटेच. मुलगा दूर बंगळुरूला. शाळेकडची खिडकी सताड उघडी, तिच्याशी त्यांची खुर्ची. पलीकडे पहिलीचा वर्ग, कुलूप लावलेला.

"भाऊ, अध्यक्षांचा डाव तुम्हाला कळला कसा?"

"पयल्या दिवसापासून मालूम होता गा. तुमच्या शाळेले रंग का अध्यक्षानं देल्ला?" चकली मोडत ते हसले. मग आवाज एकदम खाली आला. एवढा हळू ते बोलू शकतात, हे मला माहीतच नव्हतं. "पोट्टे तिकडं बे एके बे वरडून राहिले, की घरात कोनीतरी हाय असं वाटते, मास्तर."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"शाळा कधी उघडून राहिली गा?"