शमुवेलमामांचा दुसरा मैल

शमुवेल रणपिसे यांना कधी पत्ता विचारू नये. आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की नळाला पाणी कधी येतं ते मी त्याला सांगतो, आणि लगेच ही दुसरी सूचना देतो. मामा पत्ता सांगत नाहीत, तिथं घेऊन जातात. पायात चपला सरकवतात, दाराला कडी लावतात, कुलूप नाही, नुसती कडी, आणि चालू लागतात. माणसाला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं असतं. मामा त्याला तिथं पोचवतात, झेरॉक्स निघेपर्यंत थांबतात आणि मग तो कागद ज्या ऑफिसात द्यायचा असेल तिथंही त्याच्याबरोबर जातात. एकदा एका कुरिअरवाल्यानं त्यांना शेजारचं घर विचारलं. संध्याकाळी तो आणि मामा दोघं मिळून शेवटचं पाकीट होटगी रोडला देऊन आले.

याचं मूळ त्यांच्या धर्मात आहे. मामा ख्रिस्ती, रेल्वेतून निवृत्त झालेले. शंटिंगला, म्हणजे डबे जोडायच्या-सोडायच्या कामावर होते. त्यांच्या प्रभूनं म्हणे डोंगरावर बसून लोकांना सांगितलं होतं, की कुणी तुम्हाला जबरदस्तीनं मैलभर चालायला लावलं तर तुम्ही आपण होऊन दुसराही मैल चाला. चर्चमधली बाकीची मंडळी हे ऐकतात, मान डोलावतात आणि रविवारचं मटण खायला घरी जातात. मामांनी मात्र ती ड्यूटीची ऑर्डर समजली. रेल्वेच्या माणसाला सिग्नल पडला की गाडी सोडायची एवढंच माहीत. तो का पडला, हे विचारत बसायची त्याला सवय नसते.

"पहिला मैल तुमचा, दुसरा माजा," हे त्यांचं पालुपद. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं एक ताट गेलं की नाताळात करंज्यांची दोन ताटं येतात. एक खुर्ची मागितली तर दोन येतात, आणि दुसरीवर मामा स्वतः बसतात.

माझा पिंड बरोबर उलटा. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. सगळी नोकरी लोकांच्या हद्दी मोजण्यात गेली. वीतभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले मी पाहिले आणि मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. ज्याचं त्याला मिळावं, जास्त नाही आणि कमी नाही, यापुढं जगात न्याय नसतो अशी माझी समजूत. त्यामुळं मामा मला आवडायचे, पण समोर बसले की हात शिवशिवायचे. या माणसाला कुणीतरी ताळ्यावर आणायला हवं, आणि ते काम आपलंच आहे, असं वाटत राहायचं.

त्यांचं घर आमच्या अगदी समोर. संध्याकाळी त्यांच्याकडं चहाला गेलो की निघताना ते मला सोडायला येतात. सोडायला म्हणजे गल्ली ओलांडून. फाटकाशी थांबतील असं वाटावं, तर फाटक उघडून आत, पार पायरीपर्यंत. तिथं उभं राहून मग ऊन, पाण्याची पाळी, कुठली गाडी उशिरा धावतेय ते सगळं होतं. आतून माझ्या बायकोनं, मंगलनं, भाकरी गार होतेय म्हणून दोनदा सांगितलं की मी "बरंय मामा" म्हणतो आणि दार ओढून घेतो.

पुण्याला भाच्याच्या लग्नाला निघालो होतो तेव्हाची गोष्ट. मंगल आधीच गेली होती. मोबाईलचा गजर मी झोपेतच बंद करतो, म्हणून मामांना सांगितलं, सकाळच्या गाडीला तेवढं उठवा. त्यांनी उठवलं. चहा आणला. स्टेशनपर्यंत बॅग घेतली. मी म्हटलं, या आता. तर ते साधं तिकीट काढून माझ्याबरोबर गाडीत चढले आणि कुर्डुवाडीपर्यंत आले. आता हा माणूस पुण्याला येऊन नवरदेवाच्या शेजारी उभा राहतो की काय, या काळजीनं मी खिडकीबाहेर बघत बसलो. पण कुर्डुवाडीला ते उतरले, खिडकीतून मला सलाम केला, आणि फलाटावरच त्यांना दोन पोती घेतलेली एक म्हातारी दिसली. तिला सांगोल्याला जायचं होतं. गाडी हलली तेव्हा मामांच्या खांद्यावर एक पोतं चढलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. ते घरी परतले दुसऱ्या दिवशी दुपारी.

तेवढ्या वेळात इकडं भिंत उभी राहिली.

मामांच्या शेजारी बिराजदार राहतात. मार्केट यार्डात त्यांची कांद्याची आडत आहे. माणूस कष्टाळू आणि पक्का. दोन घरांच्या मध्ये तारेचं जुनं कुंपण होतं. मामा सांगोल्यात पोतं उतरवत होते त्या दिवशी बिराजदारांनी ते काढलं आणि सिमेंटच्या तयार फळ्यांचं कंपाउंड घातलं. ते खांब रोवून फळ्या सरकवल्या की एका दिवसात उभं राहतं. मी पुण्याहून आलो, रिक्षातून उतरलो, आणि बॅग हातातच असताना मला दिसलं की हद्द सरकली. सवयीच्या डोळ्याला ते कळतं. घरातून टेप आणला आणि मोजलं. पुढून मागंपर्यंत बरोबर एक फूट, मामांच्या बाजूला.

मामांचा मुलगा प्रकाश पुण्यात नोकरीला. त्यानं मला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, काका, पप्पांना व्यवहार कळत नाही, तुम्ही लक्ष ठेवा. ते घर सोडलं तर मामांकडं दुसरं काही नव्हतं. आज फूट गेला तर उद्या कुणी ओटा मागेल, आणि हा माणूस ओट्याबरोबर स्वयंपाकघरही देईल, अशी मला खरोखर धास्ती वाटली. मी दोन दिवस बसून सुरेख नकाशा काढला. तक्रारीचा अर्ज लिहिला. फक्त सही करा, म्हटलं, भिंत महिन्यात मागं जाते की नाही बघा.

मामांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. एकच फूट का, असं दोनदा विचारलं. मग अर्ज माझ्या हातात ठेवला, नकाशा घेतला आणि तडक बिराजदारांच्या दारात गेले. मला वाटलं, जमलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपल्या हक्कासाठी उठला. मी कंपाउंडवरून डोकावत, कान देऊन उभा राहिलो.

बिराजदार दारात आले, नकाशा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. कामगारांची चूक असेल, असं काहीतरी ते बोलू लागले.

"असू द्या की," मामा म्हणाले. "एक फूट तुमी घेतलाय. आजून एक घ्या."

मी हातातल्या अर्जाची घडी घातली.

पण खरी पंचाईत झाली ती बिराजदारांची. कुणी आपण होऊन भाव पाडला की माल आत सडलेला असणार, हे त्यांना यार्डात रोजच दिसतं. संध्याकाळी ते माझ्याकडं आले. "मोजणीसाहेब, खरं सांगा. ह्यात डाव काय हाय?" डाव नाही, म्हटलं, धर्म आहे. त्यावर तर त्यांचा अजिबात विश्वास बसला नाही. त्या फुटाखाली गटाराची लाईन असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग वास्तुदोष असेल. मग कोर्टात अडकवायचा बेत असेल. त्यांनी वकिलाला विचारलं, वास्तुवाल्याला विचारलं, आणि दोघांनीही काही सापडत नाही असं सांगितल्यावर ते जास्तच घाबरले. आठवडाभर त्यांचं यार्डात लक्ष नव्हतं.

इकडं मी मामांना धारेवर धरलं. म्हटलं, मामा, याला श्रद्धा म्हणत नाहीत, मूर्खपणा म्हणतात. लोक हसतात तुम्हाला.

त्यांना राग आला नाही. ते उलट खुशीत आले. "मूर्खपनाच हाय की. आमी ज्याच्या मागं निघालोय, त्योच व्यवहारात नापास झालेला. चांगली सुटका करून घ्यायची सोडून वधस्तंभावर गेला. आता गुरूच नापास, तर आमी कुटले पास होनार?"

प्रकाशनं फोनवर विचारलं, पप्पांना वेड लागलंय का. मी म्हटलं, बाबा रे, आधीपासूनच असावं.

पुढच्या आठवड्यात बिराजदारांनी भीत भीत भिंत आणखी सरकवली. मामा स्वतः खांब धरून उभे होते. कामगारांना त्यांनी दोनदा चहा पाजला. मीही टेप घेऊन गेलो. द्यायचंच असेल तर निदान दोन फूट म्हणजे दोन फूट असावेत, तिसऱ्यात पाय नको. कामगारांसमोर मी तसं मोठ्यानं बजावलं.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मी मामांच्या खिडकीशी चहा घेत बसलो होतो. बिराजदारांची गाडी त्या नव्या जागेत आत आली आणि त्यांच्या ओट्याला लागून उभी राहिली. मग दाराशी खुर्ची आली, आणि खुर्चीत बिराजदारांच्या आई. गल्ली त्यांना अव्वा म्हणते. मूळच्या अक्कलकोटकडच्या, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणाऱ्या. गुडघे गेल्यापासून त्यांचं बाहेर पडणं सुटलं होतं. मागं कधी दवाखान्यात न्यायचं असलं की प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघं त्यांना उचलून रस्त्यावर आणायचे. अव्वा पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. गल्ली उभी राहून बघायची. मीही बघितलं होतं.

त्या दिवशी गाडीचं दार ओट्याच्या बाजूला सताड उघडलं. अव्वा खुर्चीतून सरकल्या, मुलाच्या खांद्याला धरलं आणि सीटवर बसल्या. रस्त्यावरच्या कुणाला काही दिसलं नाही.

"एका फुटात गाडी आत आली असती," मामा खिडकीतूनच म्हणाले. "दार उघडलं नसतं. तुमच्या नकाशात दार न्हवतं, मोजणीसाहेब."

मी कप खाली ठेवला. मामा मग त्यांच्या बायकोबद्दल बोलले. सुशीलाबाई वारल्या तेव्हा आम्ही या गल्लीत नव्हतो, त्यांच्याविषयी ते फारसं कधी बोलतही नाहीत. शेवटी शेवटी त्यांचे पाय गेले होते. दर रविवारी मामा आणि प्रकाश त्यांना खुर्चीत घालून रिक्षापर्यंत न्यायचे, कारण रिक्षा फाटकाच्या आत येत नव्हती. त्यांना गाण्याची आवड. चर्चमध्ये आवाज लावायच्या तर पुढच्या बाकावरचे वळून बघायचे.

"एक दिवस म्हनली, लोक बघत्यात हो, लाज वाटती. आता मी हितंच प्रार्थना करीन." मामांनी आपल्या फाटकाकडं बघितलं. "मला तवा फाटक रुंद करायचं सुचलं न्हाय. नुसतं फाटक की हो."

मी चहा गार झालाय असं म्हणालो.

तेवढ्यात बाहेरून अव्वांनी हाक मारली. "शमुवेलण्णा, बर्री, या की." अव्वांना अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं होतं, आणि मामांना बरोबर घेतल्याशिवाय गाडी हलू द्यायला त्या तयार नव्हत्या. मामांनी चपला घातल्या. कडी लावली. बिराजदार गाडी चालवत होते आणि समोरच्या काचेतून सरळ पुढं बघत होते. त्यांनी मामांची कधी माफी मागितली नाही आणि जागाही परत दिली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी मामांच्या पायरीवर कांद्याचं एक पोतं होतं, आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दारात कांदे होते. आमच्याकडं दोन वाटे आले.

अक्कलकोटला मठात सगळे आत गेले तेव्हा मामा बाहेर चपला राखत बसले होते, हे मला बिराजदारांकडूनच कळलं. त्यांच्या राखणीत आणखी पाच-सात कुटुंबांनी आपल्या चपला ठेवल्या होत्या, आणि ती सगळी माणसं बाहेर येईपर्यंत मामा उठायला तयार होईनात. गाडी तासभर खोळंबली.

गाडी अक्कलकोटहून परतली त्या संध्याकाळी अव्वांनी मंगलसाठी दिलेला प्रसाद मामांच्या घरी होता, तो आणायला मी गेलो. निघालो तसे ते नेहमीप्रमाणे सोडायला आले. फाटकातून आत, पायरीपर्यंत. ऊन झालं, पाण्याची पाळी झाली, गाड्या झाल्या. मी "बरंय मामा" म्हणणार, एवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला त्यांचं घर दिसलं. दिवा नव्हता. दाराला नुसती कडी. इतकी वर्षं मला वाटायचं की हा माणूस मला सोडायला येतो. त्याला परत जायचं नसतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी प्रसाद पायरीवर ठेवला आणि पुन्हा चपला घातल्या. "चला मामा, तुम्हाला सोडतो."

"अहो, समोर तर हाय."

"असू दे. पहिला मैल तुमचा, दुसरा माझा."

त्यांच्या फाटकाशी पोचलो तर वळून म्हणाले, चला, आता मी येतो तुम्हाला सोडायला. आम्ही परत आमच्या फाटकाशी आलो. तिथून मी त्यांच्याबरोबर गेलो. तिसऱ्या खेपेला मंगल दारात येऊन उभी राहिली. तुमचं काय ते ठरू द्या, म्हणाली, मी भाकरी दोघांना वाढलीय.

मोजणीदार म्हणून सांगतो, आमची गल्ली जेमतेम वीस फुटांची आहे. जेवण झाल्यावर मी मामांना सोडायला गेलो तेव्हा आम्ही ती फार हळू ओलांडली.