रीतसररावांच्या छपराची काच

जी वस्तू आपण कधी वापरत नाही, ती फुटली की माणसाला सर्वांत जास्त दुःख होतं. रोजचा कप फुटला तर आपण केरसुणी आणतो. पाहुण्यांसाठी ठेवलेला कप फुटला तर आधी चौकशी बसते आणि केरसुणी मागाहून येते. या नियमाला आजवर अपवाद आढळलेला नाही (कोणी शोधलेला नाही, हेही खरं).

रीतसररावांच्या मोटारीच्या छपरातली काच याच नियमाखाली येते.

रीतसरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत, आणि ही पदवी त्यांना इमारतीतल्या बिऱ्हाडांनी एकमताने बहाल केलेली आहे. लिफ्टमध्ये शिरण्याआधी ते दर वेळी वजनाची पाटी वाचतात. त्यांच्या ग्रंथालयातलं एकही चांगलं पुस्तक तीस वर्षांत फाटलेलं नाही, कारण चांगली पुस्तकं कुलुपात असतात आणि कुलपाबाहेरची कोणी मागत नाही. अशा माणसाने चार वर्षांपूर्वी सनरूफची गाडी घेतली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली.

सनरूफ म्हणजे मोटारीच्या चांगल्या छपराला पाडलेलं चौकोनी भोक, आणि ते भोक बुजवायला बसवलेली काच. बटण दाबलं की काच मागे सरकते आणि आभाळ दिसतं. रीतसररावांनी हे बटण चार वर्षांत एकदा दाबलं, तेही शोरूममध्ये, विक्रेत्याने धीर दिल्यावर. पुढे उघडलं नाही याला कारणं होती. उन्हाळ्यात ऊन येतं, पावसाळ्यात पाऊस येतो, हिवाळ्यात गारठा येतो आणि उरलेल्या दिवसांत धूळ. काचेखालचा सरकता पडदाही ते बंदच ठेवत, उजेड लागून काच जुनी होऊ नये म्हणून.

मग घेतली कशाला, असा प्रश्न सुज्ञ माणूस विचारील. त्याचं उत्तर म्हणजे मेहुणे.

मेहुणे हे रीतसररावांच्या पत्नीचे थोरले भाऊ. त्यांचा लोखंडी तिजोऱ्यांचा व्यापार आहे, त्यामुळे जगातल्या कोणत्याही वस्तूकडे ते ती फोडता येईल का, या नजरेने बघतात. गाडी ठरवायला घरात बैठक बसली होती तेव्हा ते म्हणाले, "छपराला काच? तिजोरीला कोणी खिडकी ठेवतं का? जावईबापू, लिहून घ्या. एक दिवस ही फुटणार."

रीतसररावांनी खरोखरच लिहून घेतलं (तारखेसह). त्यांचं मत तोवर बिनभोकाच्या गाडीकडेच झुकलेलं होतं. पण तेवढ्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करता करता त्यांची पत्नी म्हणाली, "यांना कळतं, दादा."

तीन शब्द. लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती आणि हे विधान चारचौघांत प्रथमच झालं होतं. त्यानंतर बिनभोकाची गाडी घेणं शक्यच नव्हतं. त्या तीन शब्दांवर रीतसररावांनी चार वर्षं काढली. प्राचार्यांनी झापलं, दुधवाल्याने उलट उत्तर दिलं, की ते मनातल्या मनात ते वाक्य एकदा म्हणत आणि कामाला लागत.

आता प्रत्यक्ष घटनेकडे वळू. एकदाच उघडलेली ती काच रीतसरराव दर रविवारी पुसत. चार वर्षांत ती दोनशे आठ वेळा पुसली गेली (आजारपणातही सूट नव्हती). दोनशे नवव्या रविवारी त्यांनी पाण्याने भरलेली लोखंडी बादली क्षणभर काचेवर ठेवली, कारण खाली माती होती आणि बादलीचं बूड खराब झालं असतं.

"अहो, बादली खाली ठेवायची असते," गॅलरीतून पत्नी म्हणाली.

"खाली माती आहे," ते म्हणाले. पण हे उत्तर पूर्ण होईपर्यंत बादली गाडीच्या आत गेली होती, पाण्यासकट.

तुकडे एकूण एक हजार चारशे बारा भरले. ते त्यांनी बुटाच्या खोक्यात घालून वर आकड्याची चिठ्ठी डकवली. छपराच्या भोकावर न्हाणीघरातला मासे छापलेला पडदा चिकटपट्टीने लावण्यात आला. इमारतीत बिऱ्हाडं एकवीस, सल्ले आले तेवीस (दोघे जण जातानाही देत आणि येतानाही). आणि त्याच दुपारी मेहुण्यांचा फोन आला की पुढच्या रविवारी येतोय, तुमच्याच गाडीतून फिरून येऊ.

"सांगून टाका दादाला," पत्नी म्हणाली. "काचच ती. फुटली."

काचेचं रीतसररावांना फारसं काही वाटत नव्हतं. आपल्यापायी हिला भावासमोर मान खाली घालावी लागणार, हे मात्र त्यांना सहन होत नव्हतं. पण अशी गोष्ट बायकोला सांगायचा रीतसर मार्ग त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी नवी फाईल उघडली.

सोमवारी ते शोरूममध्ये गेले. तिथे टाय लावलेल्या ग्राहक-समाधान अधिकाऱ्याने त्यांना गार पाणी आणि एक अर्ज दिला. अर्जात 'घटनेच्या वेळी सनरूफ उघडे होते काय?' असा प्रश्न होता. रीतसररावांनी लिहिलं, 'कोणत्याही वेळी उघडे नव्हते.' पुढे फुटण्याच्या कारणांत दगड, गारा, अपघात आणि इतर असे चार चौकोन होते. बादली इतरमध्ये बसली. इतरचा खुलासा दोन ओळींत मागितला होता, रीतसररावांनी चार पानं जोडली. अधिकाऱ्याने ती वाचून, आपण अत्यंत समाधानी ग्राहक आहात, असा शिक्का मारला आणि काच सहा आठवड्यांनी येईल असं सांगितलं. सोबत छपराची अख्खी चौकटही बदलावी लागेल, कारण त्यांच्याकडे फक्त काच बदलण्याला रकाना नव्हता.

मंगळवारी ते कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "साहेब, खिडकीची काच कापतो, डिंक लावतो, अर्ध्या तासात गाडी घेऊन जा." ही काच पुन्हा सरकेल का, असं विचारल्यावर त्याने रीतसररावांकडे दयेने पाहिलं. "तुम्ही उघडता?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्यांना झोंबला.

शेवटी वाट दाखवली शोरूमच्या फाटकावरच्या रखवालदाराने. अशा संस्थांमध्ये खरी माहिती नेहमी फाटकावर असते. "आमच्याकडच्या काचाही बाहेर एका ताईंकडेच बसवायला जातात," तो हळूच म्हणाला आणि पत्ता दिला.

ताईंची शेड एका मोठ्या झाडाखाली होती. पन्नाशीच्या, हाताला जुन्या चिरांच्या खुणा, बोलणं बेताचं. त्यांनी मासेवाला पडदा काढला, टॉर्च मारून भोकाच्या कडा पाहिल्या, आणि काच ज्यांच्यावरून सरकते त्या दोन्ही रुळांवरून बोट फिरवलं.

"शेवटचं कधी उघडलं होतं?"

"शोरूममध्ये."

"तरीच. ग्रीसचा दगड झालाय, आणि रबर वाळलंय. बादली पडली नसती तरी हे अडकलंच असतं." मग त्यांनी सांगितलं, "कंपनीचीच काच शुक्रवारी येते. शनिवारी बसवू. दिवस जाईल."

"दिवस?" रीतसरराव म्हणाले. चार दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. दिवसभर चालणारं काम रीतसरच असणार.

शनिवारी ते वही, पट्टी आणि पत्नी यांना घेऊन हजर झाले. ताईंनी नव्या काचेला सकाळभर हातही लावला नाही. आधी रुळांत अडकलेले तुकडे ओढून घेतले (सदतीस निघाले, रीतसररावांनी खोक्याची चिठ्ठी दुरुस्त केली). मग छपराच्या चार कोपऱ्यांतल्या, पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या साफ केल्या. एकीत चार वर्षांची माती होती. जुनं ग्रीस खरवडून नवं लावलं, रबर बदललं, आणि मग काच चौकटीत ठेवून स्क्रू अर्धेच आवळले. पुढची कड छपरापेक्षा केसभर खाली, मागची केसभर वर. नाही तर वारा शिट्टी मारतो, त्या म्हणाल्या.

"एक जाड कागद द्या."

रीतसररावांच्या खिशात ग्रंथालयाच्या सूचीचं कोरं कार्ड नेहमी असतं. ते ताईंनी रबर आणि छपराच्या मध्ये धरून काच बंद केली आणि कार्ड ओढलं. अडखळत, पण न फाटता बाहेर आलं पाहिजे. चारी बाजूंनी, सोळा जागी. रीतसरराव श्वास रोखून बघत होते. तीस वर्षांत त्या कार्डाचा इतका उपयोग त्यांनी पाहिला नव्हता. मग स्क्रू पक्के झाले, काच पाच वेळा उघडून मिटून ती सरकवणाऱ्या छोट्या मोटरला कुठे थांबायचं ते शिकवण्यात आलं, आणि ताईंनी नळी हातात घेतली.

"आता दोघं आत बसा. काचेखालचा पडदा उघडा ठेवा. एकाने पुढे बघायचं, एकाने मागे. वीस मिनिटं पाणी सोडणार आहे. थेंब दिसला तर हाक मारा."

पाणी सुरू झालं. काचेवर ते पसरलं, त्याच्या मागे झाड हलायला लागलं, आणि हिरवा उजेड दोघांच्या हातांवरून वाहू लागला. एक पान काचेवर येऊन चिकटलं आणि हळूहळू कडेकडे सरकत गेलं.

"अहो," तिसऱ्या मिनिटाला पत्नी म्हणाली, "हे चार वर्षं इथेच होतं? आपल्या डोक्यावर?"

"बोलू नकोस. चाचणी चालू आहे," ते म्हणाले. पण पुढे बघायची जबाबदारी सोडून तेही वर बघत होते. उरलेली सतरा मिनिटं दोघांचीही मान खाली आली नाही. चाचणीचा निकाल वहीत असा आहे: पुढील आसन कोरडे, मागील आसन कोरडे. रीतसररावांच्या चष्म्याखाली किंचित ओलावा आढळला, परंतु तो छपरातून आलेला नाही, असं ताईंनी तपासून सांगितलं.

निघताना ताईंनी त्याच कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं, 'आठवड्यातून एकदा उघडणे.'

रविवारी मेहुणे आले. त्यांनी रिवाजाप्रमाणे चारी दारांवर बोटांनी ठकठक केलं, मग टाचा उंचावून छपराची काच वाजवून पाहिली.

"शाबूत आहे की!" ते म्हणाले. आणि मग खाली उभ्या असलेल्या दोन बिऱ्हाडांसमक्ष, "बरं बाबा, हरलो मी. जावईबापूंना कळतं."

झालं. सात दिवस ज्यासाठी जिवाचं रान केलं ते पदरात पडलं होतं. पत्नीची मान ताठ होती. इथे कोणत्याही शहाण्या माणसाने आत बसून गाडी सुरू केली असती.

"शाबूत नाही," रीतसरराव म्हणाले. "बदललेली आहे."

याची कारणं दोन. पहिलं तत्त्वाचं: ग्रंथालयात हरवलेल्या पुस्तकाच्या जागी नवी प्रत आली, तर ती जुनीच आहे अशी नोंद करता येत नाही. दुसरं खरं: इतकं रीतसर काम झालं होतं की ते कोणाच्याच लक्षात येत नव्हतं, आणि हे त्यांच्याने सोसवेना. त्यांनी डिकीतून अकरा पानी फाईल काढली.

मेहुण्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. तिजोऱ्यांच्या धंद्यात बारीक अक्षर सोडत नाहीत. सगळं वाचून ते पहिल्या पानावर परत आले.

"बादली?" त्यांनी विचारलं. मग बहिणीकडे वळले. "यांनाच कळतं म्हणत होतीस ना गं तू?"

रीतसरराव खाली बघत राहिले. तिथे माती होती, आणि बादली ठेवायला जागा भरपूर होती. आपण काय घालवलं ते त्यांना आता पुरतं समजलं.

"कळतं, दादा," पत्नी म्हणाली. "जरा वेळ लागतो."

आणि तिने दारातून हात आत घालून बटण दाबलं. काच अकरा सेकंदांत आवाज न करता मागे गेली. मेहुणे 'तपासणीसाठी' म्हणून चपला काढून आसनावर उभे राहिले, आणि डोकं वर काढल्यावर पंधरा मिनिटं खाली बसायला तयार नव्हते.

तेव्हापासून दर रविवारी नऊ वाजता सनरूफ उघडण्यात येतं. त्यासाठी नोंदवही आहे. उघडल्याची वेळ, मिटल्याची वेळ, हवामान, सही. पहिल्या नोंदीत उघडं राहिल्याचा काळ अकरा सेकंद आहे. तिसऱ्या नोंदीखाली शेऱ्याच्या रकान्यात पत्नीच्या अक्षरात 'अजून थोडं' असं लिहिलेलं आहे. गेल्या रविवारची नोंद वीस मिनिटांची आहे, आणि सही करायची राहून गेलेली आहे.

हा वृत्तांत तपासण्यासाठी आम्ही रीतसररावांना दिला. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "अगदी आमच्या प्राचार्यांसारखा माणूस आहे हो." मेहुण्यांना त्यांच्या व्याह्यांची आठवण झाली. आजवर शंभर जणांनी हे वाचलं, आणि शंभरही जणांना दुसरंच कोणी तरी आठवलं.

तुम्हाला कोण आठवलं, ते आम्ही विचारत नाही. फक्त पाहुण्यांचे कप कोणत्या कपाटात आहेत, आणि शेवटचे पाहुणे आले तेव्हा त्यांना चहा कशातून दिलात, तेवढं सांगा.