टबातला आंबेमोहोर

बायकोच्या साठीला काय द्यावं, यावर दादासाहेबांनी महिनाभर विचार केला आणि शेवटी बाथटबाभोवतीच्या फटी बुजवणारं सिलिकॉन बदलून द्यायचं ठरवलं. (आधी साडी मनात आली होती. पण साडीच्या बाबतीत त्यांची निवड आजवर एकदाही पास झालेली नव्हती.)

टब हा नलिनीताईंचा जीव की प्राण. चौतीस वर्षं दादासाहेबांच्या बदल्यांच्या गावी त्यांनी एका बादलीत अंघोळ उरकली, तीही नळ जायच्या आत. म्हणून भूगावला फ्लॅट घेताना त्यांनी एवढा एकच हट्ट धरला. पण चार महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या किशोरच्या छताला ओल आली. टबाच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन गुन्हेगार ठरलं आणि टब बंद झाला. नलिनीताई मुकाट्यानं पुन्हा बादली घेऊन बसल्या. ते दादासाहेबांना फार लागलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्या भावाकडे कासार आंबोलीला गेल्या, आणि दादासाहेबांनी हार्डवेअरचं दुकान गाठलं.

"काका, जुनं समदं खरवडून काढा," दुकानदार हनुमंत म्हणाला. "आन् आदी टब पान्यानं भरून ठेवा. मोकळ्या टबाला मारलं, तर मानूस बसल्याव फट पडतीया. वजन पायजे."

"किती वजन?"

"लई. आन् मारल्याव चोवीस तास हात लावायचा न्हाई!"

घरी येऊन दादासाहेबांनी स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं दोन तास जुनं सिलिकॉन खरवडलं. मग टबाला बूच लावलं आणि नळ पूर्ण सोडला. नळानं नुसता सुस्कारा टाकला. सोसायटीचा टँकर आलेलाच नव्हता.

पण वजन तर हवं! तेवढ्यात त्यांना कोपऱ्यातली दोन पोती दिसली. मेहुण्यानं पाठवलेला वर्षाचा आंबेमोहोर, पन्नास-पन्नास किलो. ओढत, टेकत, कण्हत त्यांनी दोन्ही पोती टबात निजवली. (स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक त्यांना नोकरीतसुद्धा वाटलं नव्हतं.) मग चारी कडांनी सिलिकॉन भरलं. रेघ जरा नागमोडी आली, थोडं मिशीलाही लागलं, पण काम मनापासून झालं. दमलेले दादासाहेब समाधानानं आडवे झाले. नळ उघडाच राहिला.

पाचला टँकर आला. सहाला नलिनीताई आल्या.

"अहो, टबात काय आहे?"

"सरप्राइज," दादासाहेब झोपेतच म्हणाले.

"तांदूळ आहे. वर्षाचा."

दादासाहेब धावले. नळ बंद करून ते तिथेच उभे राहिले. पोती टम्म फुगली होती. "उद्या तुला टबात बसता यावं म्हणून गं..." ते पुटपुटले.

नलिनीताई स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "उठा आता, डबे काढा."

पाणी तेवढं वजनाला टबातच राहिलं, आणि त्या संध्याकाळी बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी भिजलेला आंबेमोहोर पोचला. सगळीकडे मिक्सर घरघरले आणि लिफ्टमध्येसुद्धा धिरड्यांचा वास येऊ लागला.

चोवीस तास भरले तशी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नलिनीताई गरम पाण्यात उतरल्या. दादासाहेब दाराबाहेर स्टूल टाकून बसले. आतून अधूनमधून येणारं गुणगुणणं ऐकताना त्यांना भरून आलं. न राहवून त्यांनी किशोरला फोन लावला.

"काय किशोर, छत कोरडं ना?"

"एकदम कोरडं, काका. होणारच! गळका जोड आमच्याच छतातल्या पाइपचा निघाला. दोन आठवडे झाले बदलून. काकूंना तेव्हाच सांगितलं होतं मी."

दादासाहेबांनी फोन हळूच खाली ठेवला. "नलू, तुला माहीत होतं?"

गुणगुणणं थांबलं. "होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? तुम्ही लपूनछपून व्हिडिओ बघत होतात, कागदावर आकृत्या काढत होतात. रिटायर झाल्यापासून तुम्हाला एवढं खुशीत बघितलंच नव्हतं. म्हणून तर काल मुद्दाम भावाकडे गेले, तुमच्या मध्ये यायला नको म्हणून."

दादासाहेबांनी स्टूल दाराच्या आणखी जवळ ओढलं.

"म्हटलं, काळं पडलेलंच सिलिकॉन आहे, करून करून काय बिघडवतील," आतून निवांत आवाज आला. "तांदळापर्यंत पोचाल, एवढी मात्र माझी कल्पना धावली नाही."