ब्लूबेरीचा डॉक्टर

मंडळी, झाडांच्या बाबतीत माझा हात धरणारा अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या मॉरिसव्हिल गावात नाही! चाळीस वर्षं पूल बांधण्यात घालवली, पण खरा जीव रमतो तो परसातल्या ब्लूबेरीच्या पाच झुडपांमध्ये.

तर यंदा मे महिन्यात त्यातल्या एका झुडपाची एकच फांदी अचानक वाळली. बाकी सगळं हिरवंगार, आणि ही एकटी तपकिरी पानं घट्ट धरून रुसून बसलेली! मी छाटणीचा व्हिडिओ लावला. त्यातल्या बाई सांगत होत्या, "वाळलेली फांदी खाली निरोगी लाकडापर्यंत छाटा." एवढं ऐकून मी व्हिडिओ बंद केला. इंजिनिअरला इशारा पुरतो.

छाटली, आणि जखमेवर हळद चेपली. लहानपणी गुडघा फुटला की आई तेच करायची.

"अहो, कात्री धुतलीत का?" आमची कांचन खिडकीतून ओरडली.

"का? कोथिंबीर चिरायचीय?"

शेजारच्या प्रतापने कुंपणावरून हे पाहिलं. "काका, काय प्रोफेशनल कट मारलात यार! आमच्याकडे पण एक फांदी ड्राय झालीय. जरा बघता का?"

बघतो म्हणजे काय! निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मुलं तर रिमोटसुद्धा माझ्या हातात देत नाहीत. मी कात्री आणि हळदीचा डबा घेऊन निघालो. प्रतापकडे छाटणी झाली, चहा झाला. त्याने लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, "सुमंतकाका इज अ जीनियस!" की चार घरं पलीकडच्या नेत्राचा फोन. "काका, आमच्या झाडांना काही झालेलं नाही, पण एकदा शेप देऊन जाल का?" दिला! तिने गरमागरम साबुदाणा वडे खाऊ घातले. मी इतका खूश होतो की घरी येताना शीळ घालत आलो.

जूनमध्ये प्रतापची छोटी उर्वी दारात उभी. "आजोबा, इट लुक्स डेड."

एक नाही, दोन झुडपं! नेत्राकडे तर मी हात लावला ती तिन्ही. माझ्याकडची चार. मी दुप्पट जोमाने छाटलं आणि तिप्पट हळद लावली. परस असं पिवळंधमक दिसू लागलं की पलीकडच्या अमेरिकन आजींनी हात जोडून विचारलं, "तुमचा काही सण आहे का?"

शेवटी कांचनने एक फांदी पिशवीत भरली आणि मला झाडांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी फांदी उभी चिरली. आत लाकडावर तपकिरी पट्टा.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "कापलेल्या जागेतून आत शिरते. दर वेळी कापण्याआधी कात्री अल्कोहोलने पुसता ना?"

"मी हळद लावतो," मी ताठ मानेने म्हणालो.

"कात्रीला?"

"झाडाला."

"आणि कात्री?"

मी छताकडे पाहिलं. कांचन माझ्याकडे पाहत होती. एका रोगी फांदीची बुरशी मी स्वतःच्या हाताने घरोघर पोचवली होती, वर वडे खाऊन आलो होतो! फार वाईट वाटलं. आता मला कोण विचारणार?

कॉलनीच्या जुलैतल्या पिकनिकला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. घसा खाकरला, तेवढ्यात प्रतापच पुढे आला, पडलेल्या चेहऱ्याने. "काका, सॉरी. मी स्प्रिंकलर जास्त चालवला. तुमच्याकडे पण माझ्यामुळेच पसरलं असणार."

"नाही नाही, माझी चूक," नेत्राचे डोळे भरून आले. "मी खत जास्त घातलं. काकांनी एवढी मेहनत घेतली आणि मी घालवली."

आता माणसाने काय करावं? मी प्रतापच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणालो, "असू दे रे. शिकाल हळूहळू."

मागून आवाज आला. "अहो, त्यांना माफ करून झालं असेल, तर आता कात्रीचंही सांगा."

सांगितलं. प्रताप इतका हसला की गवतावरच बसला. कोणी रागावलं नाही हो, गुणी पोरं आहेत! फक्त पुढच्या पिकनिकला मी काय आणायचं ते तिथेच एकमताने ठरलं.

पाण्याच्या बाटल्या. सीलबंद.